काकांच्या दुर्बिणीचा माउंट

निराश व्हायला जगात इतकी सोपी कारणं पडलेली असताना आमच्या चुलतसासऱ्यांनी मुद्दाम शोधून एक अवघड कारण पत्करलं होतं. मोजणी खात्यातून निवृत्त झालेला हा माणूस लष्करी नेमबाजांच्या जुन्या रायफलींवरच्या दुर्बिणी जमवायचा. रायफली नव्हेत, नुसत्या दुर्बिणी, आणि त्यांना रायफलीवर घट्ट धरून ठेवणारे लोखंडी माउंट. काकांनी स्वतः आयुष्यात बंदूक उडवली नव्हती. दिवाळीत गल्लीत सुतळी बॉम्ब लागला की ते कानात कापूस घालून आतल्या खोलीत बसत. पण देवळाली कॅम्पातल्या एका भंगारवाल्याकडे लष्कराचं निकामी सामान लिलावातून यायचं, आणि दर रविवारी सकाळच्या बसने काका तिथे हजर. निघताना चपला घालता घालता म्हणायचे, "नसणारच." दुपारी परत आले की चपला काढत म्हणायचे, "नव्हताच." आम्ही कोणी काही विचारायचो नाही.

माझी आणि त्यांची ओळखच मुळी दुर्बिणीतून झाली. सत्तरच्या दशकात मी मुलगी पाहायला गंगापूर रोडवरच्या त्यांच्या घरी गेलो, तेव्हा काका गच्चीवरून मला पार कोपऱ्यापासून न्याहाळत होते. पोहे संपून सगळे अवघडून बसले असताना त्यांनी एकच प्रश्न विचारला, शर्टाचं तिसरं बटण बदललंय का? बदललं होतं, आणि मी ते कबूल केलं. मुलगा खरं बोलतो, असं त्यांनी माझ्या सासऱ्यांना कळवलं आणि लग्न ठरलं. पुढे एकदा समोरच्यांनी तक्रार केली म्हणून हवालदार चौकशीला आला. काकांनी त्याला दुर्बिणीतून रामशेजचा किल्ला दाखवला. हवालदार पाऊण तास डोळा लावून बसला आणि पुढच्या आठवड्यात मुलांना घेऊन आला.

या सगळ्यांत त्यांची लाडकी दुर्बीण एकच. ती हिरव्या पत्र्याच्या डब्यात होती, डब्यावर पांढऱ्या रंगात रायफलीचा नंबर होता, फक्त माउंट नव्हता. असा माउंट कानशीने घासून घासून एकाच रायफलीला बसता करतात आणि तिचाच नंबर त्याच्यावर ठोकतात. म्हणजे डब्यावरचा नंबर असलेला माउंट जगात एकच, आणि काका तो शोधत होते. काकू म्हणायच्या, "माझ्या पत्रिकेला यांनी दोन मिनिटं दिली, आणि त्या लोखंडाची जुळवाजुळव पंधरा वर्षं चाललीय." नंबराचं हे मी आज मोठ्या ऐटीत सांगतोय खरा. काकांनी मला ते शंभरदा तरी सांगितलं असेल, पण ते बोलायला लागले की मी खाली बघून फरश्या मोजायचो आणि मधूनमधून "अरे वा" म्हणायचो. माझ्या डोक्यात एवढंच राहिलं होतं की काकांना एक माउंट हवाय.

पुढे त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर पट्टी, त्यात रविवार आलेला, म्हणून त्यांनी कॅम्पात मला पाठवलं. "नसणारच, पण जाऊन या," म्हणाले. भंगारवाल्याने गंजाने माखलेला एक माउंट माझ्या हातात ठेवला. "काकांचाच वाटतोय, पण गंजानं काय दिसत नाय. गंज काढून बघा म्हणावं."

मला वाटलं, तेवढं आपणच करावं आणि म्हाताऱ्याला खूश करावं. घरी काही बोललो नाही. सातपूरला ओळखीच्या कारखान्यात नेऊन माउंट बफ करून, म्हणजे घासून पार गुळगुळीत करून घेतला, वर निकेलचा मुलामाही चढवला. त्यात तोंड दिसत होतं.

पट्टी निघाली, जाड भिंगांचा चष्मा आला, आणि त्या दिवशी मी तो माउंट त्यांच्या हातात दिला. काका तो घेऊन खिडकीशी गेले. उलटा केला, सुलटा केला, पुन्हा उलटा केला. मग एकाच जागेवरून अंगठा फिरवत राहिले. तो अंगठा बघता बघता पंधरा वर्षांचं न ऐकलेलं सगळं मला एकदम ऐकू आलं.

"काका, नंबर तिथेच होता का?"

"हा आपला नाहीच, जावईबापू," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "आपल्याचा घाट वेगळा. तुम्ही मनाला लावून घेऊ नका." मग त्यांनी काकूंना चहा टाकायला सांगितला. तो चहा मी कसा प्यायलो, माझं मला माहीत.

पुढच्या रविवारी काका कॅम्पात गेले नाहीत. डोळ्यांचं निमित्त होतं. पण डोळे बरे झाल्यावरही ते गेले नाहीत, नंतर कधीच गेले नाहीत. माउंट दुसराच असता तर ते शोधायचे थांबले नसते. हे मला कळत होतं, आणि मला ते कळतंय हे त्यांनाही कळत होतं. त्यावर आम्ही कधी बोललो नाही. मी मात्र त्यानंतर त्यांच्यासमोर बसलो की नीट ऐकायचो. पण ते आता दुर्बिणींबद्दल बोलत नसत, हवापाण्याचं बोलत.

ते गेल्यावर काकूंनी तो हिरवा डबा माझ्यापुढे ठेवला. आत दुर्बीण होती आणि तिला तो चकचकीत माउंट स्क्रू आवळून बसवलेला होता. प्रत्येक वस्तूसोबत काका एक चिठ्ठी ठेवत, तशी इथेही होती, त्यांच्या सरकारी, ठाशीव अक्षरात. "नंबर: नाही. आणणार: जावई. जोडी जुळली असे समजावे." सारी नोकरी मोजणी खात्यात काढलेल्या त्या माणसाने न मोजता लिहिलेलं तेवढं एकच वाक्य असेल.