सातवं बटन

आमच्या ऑफिसात आम्ही दोघेच प्रोग्रामर, मी आणि माझा मित्र. गोहलपूर मोहल्ल्यात वेल्डिंगच्या दुकानावरची एक खोली. तिथे दुकानदारांसाठी बिलांचं सॉफ्टवेअर करायचं आणि उरलेल्या वेळात कोड लिहायच्या एडिटरवरून भांडायचं. मी माउसला हात न लावणाऱ्यांतला. काळा पडदा, नुसता कीबोर्ड, आणि त्याची घमेंड इतकी की दुसऱ्याच्या पडद्यावर रंगीत आयकॉन दिसले की माझं डोकं फिरायचं. मित्राचा एडिटर नेमका तसा रंगीत होता.

त्याच्या वडिलांना लकवा मारला. डिफेन्स फॅक्टरीतून रिटायर झालेला खणखणीत आवाजाचा माणूस, पण काकांची वाचाच गेली. समज शाबूत होती आणि डाव्या हाताचं एक बोट चालत होतं. मित्राने दोन दुपारी खपून जुन्या टॅबलेटवर सहा बटनं बनवली: पाणी, चहा, पंखा, दुखतंय, बाथरूम, इकडे ये. दाबलं की काकूंच्या आवाजात तो शब्द वाजायचा. मी चेरीतालला त्यांच्या घरी पाहायला गेलो, तेव्हा काकांनी 'इकडे ये' इतक्यांदा वाजवलं की काकू स्वयंपाकघरातून ओरडल्या, "माझ्याच आवाजात मलाच काहून बोलवून राहिले जी!" काका तोंडाच्या एका बाजूने हसले.

मग त्यांनी सहाव्या बटनाखालच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. पुन्हा पुन्हा तिथेच. त्यांना सातवं बटन हवं होतं. काकूंनी जेवण, औषध, टीव्ही, देव, गावाकडचा भाऊ, सगळं विचारून पाहिलं. प्रत्येक वेळी मान आडवी हलली.

मी तोवर मित्राचा कोड उघडला होता. एकच फाइल, आणि त्याच त्या ओळी सहा वेळा चिकटवलेल्या. मला हसू आवरेना. "ये क्या कचरा है यार! नीट लिहू. अक्षरांचा कीबोर्ड टाकू, काका स्वतःच टाइप करतील काय पाहिजे ते."

"काहून रे? चालून तर राहिलं," तो म्हणाला.

"चालतं म्हणून काय झालं?"

हे माझं वाक्य मला अजून ऐकू येतं. त्याला ते पटलं, हे त्याहून वाईट. आम्ही टॅबलेटवरची सहाही बटनं काढून टाकली आणि जुनी फाइलही उडवली, रद्दी कशाला ठेवायची म्हणून.

कोणत्या एडिटरमध्ये लिहायचं यावर एक महिना गेला. त्याने माझा शिकायला घेतला, चिडून सोडला. मग टूल बदललं म्हणून सगळं पुन्हा लिहिलं. त्याहून चांगलं टूल सापडलं, पुन्हा लिहिलं. बटनांचे कोपरे गोल असावेत का, यावरून आम्ही तीन दिवस अबोला धरला. काकूंचा फोन यायचा, "होऊन राहिलं का रे? हे दिवसभर टेबलावर बोट ठोकून राहिले." मी सांगायचो, बस काकू, पुढच्या आठवड्यात. मला खरंच तसं वाटायचं.

होळीच्या आसपास दुसरा झटका आला. हॉस्पिटलात आम्ही टॅबलेट घेऊन गेलो. नवं व्हर्जन तयार होतं आणि देखणं होतं. काकांचं बोट मात्र आता चादरीवरून उचललं जात नव्हतं.

शेजारच्या खाटेवर गळ्यात नळी घातलेला सिहोरा गावचा एक म्हातारा होता. नर्सदीदीने एका फॉर्मच्या पाठीमागे पेनाने अक्षरं लिहिली आणि कागद त्याच्यापुढे धरला. म्हाताऱ्याने बोट ठेवत ठेवत शब्द जुळवला, भैंस. त्याचा मुलगा म्हणाला, "हां बाबूजी, दुह ली." म्हशीची धार काढून झाली हे कळल्यावर म्हाताऱ्याने समाधानाने डोळे मिटले. दोन मिनिटांचं काम. आम्हा दोघा शहाण्यांना इतक्या महिन्यांत कागद आणि पेन सुचलं नव्हतं. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

मित्राने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याने वहीचं पान फाडलं, अक्षरं लिहिली आणि ते वडिलांसमोर धरलं. काकूंनी त्यांचं बोट आपल्या हातात घेतलं आणि त्या ते अ पासून एकेका अक्षरावर टेकवायला लागल्या. "इथे? इथे का जी?" काकांचे डोळे उघडे होते, पण ते कागदावर नव्हते. काकू ज्ञ पर्यंत गेल्या आणि त्यांनी बोट उचलून परत अ वर ठेवलं.