सुरेखाने सांगितलेला नंबर

आधीच सांगतो, भूतबीत मानणारा मी नाही. अमावास्येला शेडचं काम काढलं तेव्हा नातेवाईक बोंबलले होते… शेड ठणठणीत उभी आहे. तेव्हा हसायचं तर खुशाल हसा, पण आधी पूर्ण वाचा.

नाशिकला अंबड एमआयडीसीत आमचं वेल्डिंगचं वर्कशॉप आहे. धाकटा भाऊ निखिल कॉम्प्युटर इंजिनिअर. डोकं तल्लख, पण नसते उद्योग फार! त्याने गंमत म्हणून एक प्रोग्रामिंगची भाषा बनवली होती. तिच्यात अक्षरं नाहीतच. अख्खा प्रोग्राम म्हणजे एकच आकडा. कुठलाही आकडा टाका, त्यातून काहीतरी हुकूम निघतोच. ही भाषा त्याने आमच्या सेकंडहँड वेल्डिंग रोबोटला जोडली; रोबोट म्हणजे एक लोखंडी हात, टोकाला पत्रा धरायचा पंजा.

खंडेनवमीला पूजा झाली की आमच्याकडे दिवसभर मशीन चालवत नाहीत. पण पेढे वाटून झाले आणि निखिलला खुमखुमी आली. "वहिनी, कुठलाही नंबर सांगा. रोबोट नाचून दाखवेल."

"भाऊजी, आजच्या दिवस राहू द्या ना," माझी बायको सुरेखा म्हणाली. तो ऐकेना, तेव्हा तिने हसत समोरच्या स्कूटरचा नंबर सांगितला.

रोबोटने झडप घातली. निखिलचा उजवा हात कोपराशी धरला आणि लोखंडी टेबलावर आपटला. पुन्हा… पुन्हा… हाड मोडल्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे.

"दादा, बंद कर!"

मी मेन स्विच पाडला. दिवे गेले, पंखे थांबले — रोबोट थांबला नाही. त्याला बॅटरी नाही हो, मीच बसवलाय तो! मग घण उचलला आणि त्याच्या सांध्यावर घालत सुटलो. झेंडूची माळ तुटली, तेल उडालं, रक्त उडालं, सुरेखा किंचाळत होती. सांधा तुटला तेव्हा पकड सुटली. त्यानंतरही मी मारतच होतो. इतका राग मला कधी आला नव्हता.

निखिलचा हात कोपरापासून काढावा लागला. दवाखान्यातून घरी आल्यावर या पठ्ठ्याने आधी काय केलं? डाव्या हाताने तो नंबर उलगडून पाहिला. प्रोग्राम एका ओळीचा निघाला : जागेवर थांब.

लोक म्हणतात, पूजेनंतर मशीन चालवली म्हणून झालं. मला पटत नाही, आणि दुसरं काही सुचतही नाही.

निखिलने वहिनीला एका शब्दानेही दोष दिलेला नाही. पण रोज जेवताना ती त्याच्या ताटात भाकरी कुस्करून देते आणि मान वर करत नाही. कुणाला कारण ठाऊक असेल तर कळवा. माझ्यासाठी नको… तिला सांगायला हवंय.