पावणेदोन घंट्यांचा रस्ता

निघायच्या दिवशी अब्बांनी माझं तिकीट वडशाच्या आमच्या दुकानात शिलाई मशीनवर पसरलं आणि चष्मा लावून वाचलं. अब्बा टेलर. हिवाळ्यात झाडीपट्टीच्या नाटकांतले राजे आणि इन्स्पेक्टर त्यांच्याच हातचे कपडे घालायचे. विमान नागपूरहून पहाटे चारला सुटणार, दोह्याला पावणेसहाला उतरणार. वजाबाकी केली आणि गडी खुलला. "पावणेदोन घंटेच? अरे, वडशावरून नागपूरले जायले याच्याहून जास्ती लागते!" मग अम्मीकडे वळून, "काऊन रडून राह्यली व?"

दोह्याचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. अंतर सुमारे अठ्ठावीसशे किलोमीटर, विमानाला सव्वाचार तास लागतात. मला ठाऊक होतं. पण अम्मीनं डोळे पुसले होते, म्हणून मी गप्प बसलो. भित्रेपणा तो, दुसरं काय!

अब्बांनी ते गावभर केलं. गिऱ्हाइकाच्या छातीला टेप लावता लावता सांगायचे, "पोरगा परदेशात हाय, पण पावणेदोन घंट्यात इथी." अम्मी हे फोनवर सांगायची, तेव्हा मी कामगारांच्या कॅम्पमधल्या वरच्या बेडवर पडून हसायचो. दिवसभर एसीचे डक्ट साफ करून नाकातोंडात धूळ गेलेली असायची. हसू मात्र खरं होतं.

गेल्या वर्षी अब्बांच्या छातीत दुखू लागलं. अम्मीनं दोनदा मला फोन करायला घेतला, दोनदा त्यांनी अडवलं. "कामावरून काऊन बलावते? जास्ती झालं त बलावू. पावणेदोन घंट्याचा त रस्ता हाय." तिसऱ्या सकाळी जास्ती झालं, आणि तासाभरात सगळं संपलं. मला कळलं तेव्हा मी डक्टमध्ये होतो. मग सुपरवायझरची सही, ऑफिसात ठेवलेला पासपोर्ट, आणि विमान थेट दुसऱ्या दिवशीचं. लोकांनी त्या दिवशी दुपारच्या, असरच्या नमाजपर्यंत जनाजा थांबवला, माझ्यासाठी. मी पोचलो तेव्हा कबरीवरची माती वरून सुकायला लागली होती.

अम्मी एवढंच म्हणाली, "त्याईनंच मना केलं रे." अब्बा प्रत्येक कपड्यात दोन बोटं मार्जिन ठेवायचे. "माणूस वाढते, बाबू," म्हणायचे. त्या माणसाला मी खरं माप सांगितलं नाही. याची लाज मला आहे, आणि ती जाणार नाही.

माझ्यासारखे जे परदेशी गेलात, तुम्ही घरी खरे तास सांगा. रडू द्या त्यांना.

दुकानाला आता कुलूप आहे, मी परत दोह्यात. घर म्हणून उरलीय ती अम्मी आणि तिचा फोन. दर वेळी विचारते, "किती घंटे लागते रे?" आता मी खरं सांगतो. इथल्या खोलीपासून आपल्या दारापर्यंत चौदा, तेही सुट्टी मिळाली तर.

ती म्हणते,

"मंग आत्ताच निंग, बाबू."