फुंक्याचा भुरका

माझ्या मेहुण्याला काचेच्या कारखान्यात सगळे फुंक्या म्हणत. लोखंडी नळीच्या टोकाला वितळलेल्या काचेचा गोळा घ्यायचा आणि नळीतून हवा भरून त्याची बाटली करायची, हेच काम त्याने जन्मभर केलं. मी त्याच कारखान्याच्या फाटकावर असायचो. लिहायची मला सवय नाही. पण त्याच्याबद्दल कुणीतरी लिहावं असं वाटत होतं, आणि दुसरं कुणी लिहिना.

माझी धाकटी बहीण, म्हणजे त्याची बायको, तिथेच पॅकिंगला होती. पेंढ्यात बाटल्या गुंडाळताना ती मान खाली घालून गायची. गळा गोड, पण कुणी बघतंय म्हटलं की आवाज बसायचा. ती निवृत्त व्हायची वेळ आली तेव्हा पॅकिंगच्या बायकांनी हट्टच धरला, निरोपाच्या कार्यक्रमात गायचंच. सुटका करून घ्यायला ती म्हणाली, "गाईन की. पण साथीला आमचे हे हवेत."

सगळ्या हसल्या. फुंक्याला टाळीसुद्धा ठेक्यात देता येत नसे. तो मात्र हसला नाही. संध्याकाळी मला म्हणाला, "दादा, तिला वाटतंय मी नाही म्हणेन आणि ती सुटेल. पण आयुष्यभर पेंढ्यात तोंड घालून गायली हो ती. एकदा तरी मान वर करून गाऊ दे."

आमचा सलूनवाला मित्र गिऱ्हाईक नसलं की माउथ ऑर्गन वाजवायचा. फुंक्याने त्याच्याकडून एक बाजा निवडून घेतला आणि सलूनच्या खुर्चीत बसून पहिला धडा सुरू केला. मी बाकावर पेपर धरून बसलो होतो.

"फुंकायचं कसं ते तुला मी काय शिकवणार," सलूनवाला म्हणाला.

खरंच होतं. सा, ग, प असे खणखणीत निघाले की कात्र्यासुद्धा थरथरल्या.

"आता त्याच घरांत श्वास आत ओढायचा. साच्या घरात रे आहे, गच्या घरात म."

फुंक्याने बाजा ओठांवरून काढला, नाकाने छातीभर श्वास घेतला, बाजा परत लावला आणि फुंकला. पुन्हा सा.

"अरे आत. आत."

त्याने पुन्हा तेच केलं.

"हा श्वास घेतोय की गाडी मागे घेतोय?" सलूनवाल्याने मला विचारलं.

मला कारण ठाऊक होतं. भट्टीवर पहिला धडाच तो असतो. नळी ओठाला असताना श्वास आत घ्यायचा नाही, नाहीतर तापलेली हवा छातीत जाते. चुकलं की उस्ताद डोक्यात टपली मारायचा. तो धडा फुंक्याच्या अंगात इतका मुरला होता की ओठाला फुंकायचं काहीही लावलं की त्याची छाती आपोआप कुलूप लावायची.

आठवडे गेले तरी बाजात सा, ग, प एवढेच. बहिणीला गायचं होतं ते आमच्या आईचं गाणं, आणि ते सगळं मध्यमावर, म्हणजे त्याच मवर, उभं. तो घरी ते वाजवायला लागला की ती आतून म्हणायची, "अहो, हे आईचं गाणं आहे की दात पडलेला कंगवा?" पण एकदा मला बाजूला घेऊन म्हणाली, "दादा, मी त्या दिवशी आजारी पडते. माझं जाऊ दे, यांचं हसं व्हायला नको."

त्याच संध्याकाळी तिने आम्हा दोघांना चहा दिला. फुंक्याने बशी तोंडाला लावून भुरका मारला. त्याच्या भुरक्यावरून लग्नापासून भांडण. "शेजारी ऐकतात हो," ती सवयीने म्हणाली, आणि थांबली.

"अहो, परत मारा."

"काय?"

"भुरका."

फुंक्याने माझ्याकडे पाहिलं. यात काहीतरी डाव आहे असंच त्याला वाटलं असणार. तरी घाबरत घाबरत त्याने एक मारला. ओठांशी गरम आणि श्वास आत, इतका सरळ, की तिने बशी काढून घेतली आणि त्या जागी बाजा धरला.

"गरम आहे, हळू," ती म्हणाली.

त्याने ओढला. म आला. बारीक, कापरा, पण म. मग त्या बाजातून तो रात्रीचं जेवण होईपर्यंत चहा पीत बसला.

"मी महिनाभर घसा कोरडा केला," दुसऱ्या दिवशी हे ऐकून सलूनवाला म्हणाला, "आणि उत्तर बशीत."

कार्यक्रम भट्टीच्या शेडमध्येच होता. पॅकिंगची टेबलं बाजूला केली होती, भट्टीवाले हातात नळ्या घेऊन मागे उभे होते. बहीण पुढे आली ती जमिनीकडे बघत. फुंक्याने सा धरला. आता म. पण धगधगत्या भट्टीची ऊब तोंडावर आली आणि त्याने बाजा झटकन ओठांवरून काढला.

मागे कुणीतरी खुसखुसलं.

बहिणीने मान वर केली. नवऱ्याकडे पाहिलं आणि घरातल्या आवाजात म्हणाली, "अहो, चहा निवतोय."

तिथल्या कुणालाही त्याचा अर्थ कळला नाही. फुंक्याने बाजा दोन्ही हातांनी बशीसारखा उचलला आणि ओढला. असा भरदार म आला की तिने तो वरच्यावर झेलला आणि गायला लागली. वर केलेली मान तिने पुन्हा खाली घातली नाही. शेवटच्या रांगेकडे बघत सगळं गाणं म्हटलं, आणि तो तिच्या मागे मागे, श्वास आत, श्वास बाहेर, कुठे न अडखळता.

एखादी मोठी, अवघड वस्तू न तडकता भट्टीतून निघाली की आमच्याकडे नळ्या जमिनीवर आपटतात. गाणं संपलं आणि नळ्या सुरू झाल्या, त्या थांबेनात. सलूनवाला शेजारच्याला सांगत होता, "माझा शिष्य आहे तो."

सुटका शोधणारी माझी बहीण नळ्या थांबायची वाट बघत तिथेच उभी होती. मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "आणखी एक म्हणू?"

"थांब, श्वास घेऊ दे," फुंक्या म्हणाला, आणि तो त्याने बाजा ओठाला लावूनच घेतला.