सुदामकाकांची नोव्हेंबरची हजेरी

कुठलंही पान उलटण्याआधी सुदामकाका ते अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून चोळायचे. गुलमंडीच्या बाजारात बायका साडीचा पोत बघतात, तसं. मग ते पान जुन्या दफ्तराचं असो, एस.टी.च्या वेळापत्रकाचं असो की कुणाच्या लग्नपत्रिकेचं. पहिले काही दिवस मला हसू आलं, नंतर वैताग येऊ लागला. दहा मिनिटांचं काम तासावर जायचं.

आमच्या विद्यापीठाला शंभर वर्षं होत होती. मिशनच्या दोन खोल्यांत बोर्डिंगच्या मुलांची शाळा, मग मास्तर घडवणारा ट्रेनिंगचा वर्ग, मग कॉलेज आणि आता विद्यापीठ, असा तो प्रवास. मी इतिहास शिकवते आणि मला नाही म्हणता येत नाही, या दोन कारणांनी शताब्दीचा ग्रंथ माझ्या गळ्यात पडला. जुनी कागदपत्रं निम्मी उर्दूत, निजामाच्या काळातली. ती वाचू शकणारा एकच माणूस उरला होता, रेकॉर्डरूममधून निवृत्त झालेले सुदाम त्रिभुवन. कुलगुरू फादरांनी त्यांना खास बोलावून घेतलं.

काका किडकिडीत आणि कायम धास्तावलेले. कुलूप लावून फाटकापर्यंत जायचे आणि ते ओढून बघायला परत यायचे. कधी दोनदा. मी घाई केली की म्हणायचे, "दमानं घ्या मॅडम. कागद काय पळून चाललाय व्हय?" आणि एखादं नाव नीट लागत नसलं, की मी म्हणायची, सोडा ते. त्यावर ते एकच वाक्य बोलायचे, "जित्या माणसाचं चुकलं तर त्यो येऊन भांडतो. मेलेल्याला अर्ज करता येत नाय."

आमच्याकडं एक जुनी रीत आहे. नोव्हेंबरच्या दोन तारखेला कॅथलिक लोक आपल्या मृतांची आठवण करतात. त्या दिवशी आमच्या चर्चमध्ये मिस्सेची प्रार्थना झाली की हजेरी होते. संस्थेत काम करून गेलेल्या प्रत्येकाचं नाव वाचतात, पहिल्या फादरांपासून झाडूवाल्यापर्यंत, धर्म कुठलाही असो. ज्याचं नाव येईल त्याचं कुणी बसलेलं असलं, तर ते 'हजर' म्हणतं. कुणी नसलं, की क्षणभर थांबून पुढचं नाव. ही हजेरी काका चाळीस वर्षं घेत होते. पहिल्या वर्षी ऐकताना माझे डोळे भरून आले होते, हे कबूल करते.

तीच यादी ग्रंथाच्या शेवटी छापायची होती. मी काकांच्या वहीवरून ती उतरवली आणि तपासायला त्यांच्याकडं दिली. आठवडा गेला, दुसरा गेला. ते रोज पानं चोळायचे आणि सही न करता परत ठेवायचे. छापखान्याचे फोन येत होते. मला झोप लागेना. शेवटी एका दुपारी मी आवाज चढवला, "काका, चूक आहे का यात? असेल तर सांगा, नसेल तर सही करा!"

काका उठले. उठून त्यांनी दार लोटलं. कपाटाच्या तळातून एक जीर्ण वही काढली, वाळवीनं कडा खाल्लेली.

"ही मूळची. मी नोकरीला लागलो तवा हिच्यावरून नवी उतरवून काढली. ओल लागून दोन पानं एकमेकांला चिकटली हुती. मी तरणा होतो, घाईत होतो. दोन्ही संगंच उलटली." त्यांनी ती पानं अलगद उघडून दाखवली. आत अकरा नावं होती. "या अकरा जणांला तवापासून कुणी हाक मारली नाय, मॅडम."

"हे कधी कळलं तुम्हाला?"

ते पुन्हा खाली बसले. मग कडूबाईंची गोष्ट निघाली. देवगाव रंगारीच्या या बाई दर नोव्हेंबरला एस.टी.नं येत. त्यांचे वडील लक्ष्मण भिवा इथल्या विहिरीवर पाणी शेंदायचे. एका वर्षी हजेरी संपल्यावर बाईंनी काकांना गाठलं, "सुदाम, आदी माझ्या बाचं नाव यायचं. आता येत नाय रं."

"मी म्हणलं, आलं की मावशे, तुझं ध्यान नव्हतं." काका खाली बघत होते. "घरी गेलो, रातभर तळमळलो. सकाळी जुनी वही काढली तर ही पानं. नोकरी जाईल म्हणून गप बसलो. ती दरसाल इचारायची, मी दरसाल तेच सांगायचो."

मला त्यांचा राग आला आणि त्याच वेळी फार कीवही आली. मी म्हटलं, नावं घालू आणि खाली लिहू, 'नजरचुकीने राहून गेली होती.'

"नजर कुणाची? ते बी लिवा. नायतर त्या फादर लोकांवर जाईल."

आम्ही दोघं फादरांकडं गेलो. जिना चढताना काकांनी कठडा घट्ट धरला होता. फादरांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "ग्रंथ थांबेल. हजेरी तुम्हीच घ्या. पण त्या बाई आहेत का अजून?"

ते आम्हाला ठाऊक नव्हतं. गेल्या साली त्या आल्या नव्हत्या. देवगावात कुणाचा फोन लागेना. हजेरीच्या सकाळी काका फाटकाशी उभे राहिले, रिक्षा थांबली की पुढं व्हायचे आणि मागं यायचे. मिस्सेची घंटा झाली आणि ते मान खाली घालून आत वळले, तेवढ्यात नातवाच्या मोटरसायकलवरून कडूबाई आल्या. नव्वदीच्या घरातल्या. त्यांना पहिल्या बाकावर बसवलं.

काकांनी अकरा नावं सगळ्यात आधी घेतली. "लक्ष्मण भिवा," त्यांनी पहिल्या बाकाकडं बघत म्हटलं. ते थांबले. पुन्हा मोठ्यानं म्हणाले, "लक्ष्मण भिवा!" कडूबाई समोर टक लावून बघत होत्या. काही बोलल्या नाहीत. काकांना पुढं जावं लागलं.

बाहेर पायरीवर बसून चहा घेताना कडूबाईंनी काकांची बाही ओढली. "सुदाम, आलं का रं नाव?"

"आलं, मावशे."

"तू दरसाल असंच म्हणतूस."

काकांचा चेहरा मला बघवेना. ते तिथंच फरशीवर बसले, तोंड त्यांच्या कानाला लावलं आणि वर्गात हाक मारावी तसं ओरडले, "लक्ष्मण भिवा!"

कडूबाई ताठ झाल्या. "हजर!" एवढ्या जोरात म्हणाल्या, की चहावाल्यानं वळून पाहिलं.

उन्हाळ्यात काका गेले. ना बायको, ना मूल. ग्रंथ त्यांनी पाहिला होता, पानं चोळून चोळून. आता हजेरीची वही माझ्याकडं आहे. त्यांचं नाव मीच लिहिलं आणि तेव्हापासून एकच काळजी पोखरते आहे, ते वाचल्यावर कुणी बोललंच नाही तर? मला म्हणता येईल, पण मी वाचणार, की उत्तर देणार?

परवा देवगावहून कडूबाईंच्या नातवाचा फोन आला. आजीला बोलायचंय म्हणाला. पलीकडून मोठा आवाज आला, "बाई, मला आता कायबी ऐकू येत नाय. सुदामचं नाव आलं की हात वर करा. मी म्हणंल."