उजवी पाकळी

मी तेव्हा तुयेच्या एका कारखान्यात पॅकिंगला होते. डिचोलीहून स्थळ आलं. मुलगा आधी खाणीवर ट्रक चालवायचा, खाण बंद पडल्यावर म्हापशाच्या बसवर लागला होता. आईला पसंत होता. मला काहीच ठरवता येत नव्हतं.

‘देवाक विचारूया,’ आई म्हणाली. सोमवारी आम्ही गावच्या देवळात प्रसाद लावायला, म्हणजे देवाचा कौल घ्यायला गेलो.

गुरवाने ओल्या पाषाणाच्या मूर्तीवर डावी-उजवीकडे पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं, हे लग्न व्हायचं असेल तर उजवी दे. माझ्या मनात मात्र नेमकं उलटं आलं. नकार द्यायचा असेल तर उजवी दे. असं का मागितलं, आजही सांगता येत नाही.

उजवी घसरली.

‘देवान उजवो दिल्यान,’ म्हणताना आईचे डोळे भरून आले. मी तिथेच खरं सांगून टाकलं. ती रागावली नाही. मग गुरवाला म्हणाली, ‘आता काय समजाचा?’

‘एका पाकळीक दोन प्रश्न. देव कोणाक जाप देतलो?’ त्याने पुन्हा पाकळ्या लावल्या. दुपारपर्यंत बसलो, एकही पडली नाही.

शुक्रवारी मी म्हापशाला जाऊन त्या मुलाच्या बसमध्ये बसले. डिचोलीला बस रिकामी झाल्यावर त्याला सगळं सांगितलं. तो हसला नाही.

‘आमीपण लावलेलो प्रसाद,’ तो म्हणाला. ‘डावो मिळालो. आईन तुमका कळवूक नाय.’

‘मग?’

‘माकाय कळना. पण तुमी सांगूक इतक्या लांब इलात.’

त्यावरच मी होकार दिला. संसार बरा चाललाय. कधी वाटतं कौल आईला मिळाला होता, आणि भांडण झालं की वाटतं, मलाच.

मुलीला मराठी शाळेत घालायचं की इंग्रजी, यावर सासूबाई म्हणाल्या, प्रसाद लावूया. मी गेले. मनात भलतं काही येऊ नये म्हणून हात जोडून म्हापसा ते डिचोली बसचे थांबे एकेक आठवत राहिले. कौल इंग्रजीचा मिळाला. मुलगी आता तिथेच जाते. घरी आली की बराच वेळ गप्प असते, आणि बरोबर झालं की चूक, ते मला काही केल्या कळत नाही.