लेंड्यांचा पंचनामा

नवीन जालन्याच्या स्टेशनबाहेर माझी जुनी मैत्रीण निर्मला रिक्षात बसूनच हात करत होती. "जल्दी बस, भोकरदनची गाडी सुटंल!" एवढंच स्वागत. बियाणे कंपन्यांच्या पाट्या मागे पडल्या आणि एसटीच्या खिडकीत कपाशी सुरू झाली. भोकरदनच्या पुढे अजिंठ्याचे डोंगर दिसू लागले, तेव्हा कुठे तिनं बोलावण्याचं कारण सांगितलं.

डोंगराच्या पायथ्याशी भिल्लांची अकरा घरं आहेत. त्यांच्या शेळ्या पिढ्यान्‌पिढ्या गायरानावर (गावाच्या सामाईक चराऊ जमिनीवर) चरतात. आता ती जागा सौर प्रकल्पासाठी मागितली होती आणि आज तलाठी पंचनाम्याला येणार होते. चराई दिसली तर बायांच्या शेळीपालन गटाचा दावा टिकणार. नाही दिसली तर जमीन पडीक म्हणून जाणार.

गटाच्या अध्यक्ष कमलबाईंनी आम्हाला शेळीच्या दुधाचा चहा दिला, ठेचा-भाकरी वाढली. ठेच्यानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं तरी मी दुसरी भाकरी घेतली. समोरचं गायरान अगदी लख्ख होतं.

"काय स्वच्छ ठेवलंय हो!" मी मनापासून म्हणाले.

कमलबाई खुलल्या. "दोन दिस झालं झाडून राह्यलो, बाई. साहेबाला लेंड्यांत उभं करायचं का? शेळ्या बी शेजारच्या रामभाऊच्या वावरात नेऊन बांधल्या."

निर्मलानं कपाळावर हात मारला. मी आपली चहाच पीत होते.

तलाठी आले, सगळीकडे फिरले. माणूस भला, पण डोळ्यांना दिसेल तेवढंच लिहिणारा. "बाई, इथं जनावराचं नाव न्हाई. काय लिहू मी?"

"शेळ्या आत्ता आणते की."

"आता आणल्या तर त्या रोज इथंच चरतात, असं वर हापिसात कोण मानंल?"

कमलबाईंचा चेहरा उतरला. साहेबाच्या मानापायी त्यांनी सगळा पुरावा झाडून काढला होता, आणि मी शहाणी त्याचं कौतुक करत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

एकदम त्यांनी पदर खोचला. "मंग झाडलेलं तर बघा! ते काय हवेत गेलं?"

घरांच्या मागे माणसाच्या डोक्याइतका उंच ढीग होता. खाली आधी झाडलेल्या ताज्या लेंड्या, वर गायरानाच्या मातीसकट खरवडून काढलेले जुने, घट्ट थर. तलाठी ढिगाभोवती एक फेरी मारून आले. मग हसू दाबत त्यांनी टेप काढला. "नोकरीत काय काय मोजलं, पण हे बिलकुल पहिल्यांदा," ते म्हणाले, आणि लांबी, रुंदी, उंची बरोबर लिहून घेतली. पंच म्हणून शेजारचे शेतकरी रामभाऊ यांनी आणि मी सही केली. निर्णय तहसीलमध्ये व्हायचा आहे, पण कागदावर 'पडीक' हा शब्द आला नाही. निघताना कमलबाईंनी माझ्या पिशवीत सीताफळं कोंबली.

परतीच्या गाडीत ती सीताफळं मांडीवर घेऊन बसले होते. इतकी वर्षं मी गावोगाव पाहुणी म्हणून जाते आणि पाहिलेलं तुम्हाला लिहून कळवते. कुठं कुठं माझ्यासाठी अंगण झाडून ठेवलं असेल, आणि मी तेवढंच पाहून आले असेन. कमलबाईंचे उपकार, त्यांनी मला घराच्या मागे नेलं.